डोंगर आणि आपण, मधे हवा

शाळेत असताना आपण सगळ्यांनीच डोंगर काढलेला आहे. दोन-तीन त्रिकोण शेजारीशेजारी उभे करायचे, मधल्या खाचेतून अर्धा सूर्य वर काढायचा, खाली नागमोडी नदी, काठाला झोपडी आणि झोपडीला टेकून नारळाचं झाड. डोंगराच्या कुशीत नारळ कुठून आला, हे ड्रॉइंगच्या सरांनीही कधी विचारलं नाही. डोंगर तपकिरी रंगवायचा, फार तर हिरवा. सूर्य त्याच्या पाठीमागे आहे म्हणजे आपल्याकडची बाजू सावलीत असणार, ती काळपट निळी दिसायला हवी, हे कुणाच्या डोक्यात यायचं नाही. कारण ते चित्र आपण बघून काढतच नव्हतो. डोंगराबद्दल जे ठाऊक होतं ते काढत होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधल्या काही चित्रकारांनी नेमकं उलट करायचं ठरवलं. ठाऊक असलेलं बाजूला ठेवायचं आणि या घडीला डोळ्यांवर जे पडतंय तेवढंच कॅनव्हासवर उतरवायचं. १८७४ साली त्यांनी एकत्र प्रदर्शन भरवलं. क्लॉद मोनेच्या एका चित्राच्या नावात ‘इम्प्रेशन’ हा शब्द होता, तो उचलून एका समीक्षकाने सगळ्यांचीच टिंगल केली आणि टिंगलीचंच नाव कायमचं चिकटलं. मराठीत या पंथाला दृक्‌प्रत्ययवाद म्हणतात. शब्द घशात अडकतो खरा, पण फोड केली की सरळ आहे: दृक् म्हणजे नजर, प्रत्यय म्हणजे आलेला अनुभव. वस्तू कशी आहे हे नाही, ती नजरेला कशी आली हे.

या मंडळींचा जीव होता पाण्यावर. नदी, बंदर, पावसात भिजलेला रस्ता. पाणी हलतं, उजेड फोडतं, मिनिटागणिक रंग बदलतं. क्षणाचं चित्र काढणाऱ्याला आणखी काय हवं? डोंगराचं तसं नाही. तो जागचा हलत नाही, अवजड, घट्ट, कालही तिथेच होता आणि उद्याही असणार. मग क्षण पकडायला निघालेल्या माणसाने डोंगराचं करायचं तरी काय?

याचं मला माहीत असलेलं सगळ्यांत चांगलं उत्तर नॉर्वेतल्या एका टेकडीवर आहे. टेकडीच म्हणायची. कोल्सोस तिचं नाव, आजच्या ऑस्लोजवळ, उंची चारशे मीटरसुद्धा नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली सर्वांत उंच टेकडी तिच्याहून उंच भरते.

१८९५च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला मोने नॉर्वेला पोचला. वय चोपन्न, नाव झालेलं, आणि ज्याला निवांतपणा म्हणतात तो स्वभावात नाही. सावत्र मुलगा जाक तिथे राहत होता, त्याच्या निमित्ताने जाणं झालं. मोनेला वाटलं होतं, समुद्राची खाडी मिळेल, पाणी मिळेल. प्रत्यक्षात खाडी गोठलेली, तिच्यावर बर्फाचा थर, जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं हेच कळेना. पाण्याचा चित्रकार आणि पाणीच नाही! सुरुवातीचे दिवस विषय शोधण्यात आणि वैतागण्यात गेले. मग सान्दविका नावाच्या गावाजवळ मुक्काम हलवला, आणि समोर ही टेकडी दिसली. तिला पाहून आपल्याला जपानच्या फुजी पर्वताची आठवण होते, असं त्याने पत्रात लिहिलं. जिव्हेर्नीच्या त्याच्या घरात भिंतीभर जपानी छापचित्रं लावलेली होती, तेव्हा फुजी त्याच्या रोजच्या नजरेतला. होकुसाई या जपानी चित्रकाराने फुजी वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहिला होता. मोनेने दुसरं टोक धरलं: डोंगर तोच, दिशा जवळपास तीच, बदलायची ती वेळ आणि हवा. दोन महिन्यांच्या मुक्कामात त्याने कोल्सोसची तेरा चित्रं केली.

काम उघड्यावर. एका पत्रात त्याने लिहिलं आहे की अंगावर बर्फ पडत असताना तो रंगवत होता, सगळा पांढरा झाला होता आणि दाढीतून बर्फाच्या कांड्या लोंबत होत्या. (जलरंग असते तर ब्रश बुडवायचं पाणीच गोठलं असतं. जवसाच्या तेलात घोटलेले रंग थंडीत चिवट होतात, पण काम थांबवत नाहीत.)

याच मुक्कामात हर्मान बांग या डॅनिश लेखकाने त्याची मुलाखत घेतली. तिच्यात मोने जे बोलला त्याचा आशय असा: समोरचा विषय माझ्या लेखी दुय्यम आहे, मला रंगवायचं आहे ते विषय आणि मी यांच्या मधे जे आहे ते.

मधे काय आहे? हवा. पण हवा रंगवायची म्हणजे नेमकं काय रंगवायचं, हे जरा सावकाश बघू, कारण डोंगराच्या चित्राची सगळी मेख तिथेच आहे.

आपल्याकडे ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणतात ते टोमणा मारायला. जवळ गेलं की दगडधोंडे आणि काटेकुटे दिसतात, असा त्याचा रोख. चित्रकार मात्र ती म्हण शब्दशः घेतो आणि विचारतो, दुरून साजरे का दिसतात? तर हवेचे रेणू उजेड विखुरतात, आणि सगळे रंग सारखे विखुरत नाहीत. निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरतो. म्हणून आकाश निळं. तोच प्रकार आपण आणि डोंगर यांच्या मधल्या पाच-दहा किलोमीटर हवेतही चालू असतो. म्हणजे डोंगरापुढे आकाशाचाच एक पातळ पडदा टांगलेला आहे. काळ्या कातळाकडून डोळ्यांपर्यंत मुळात उजेड कमी येतो, त्यात पडद्याचा निळा उजेड मिसळतो, म्हणून लांबचा काळा डोंगर निळा दिसतो. पाठीमागची रांग आणखी निळी, आणखी फिकी. तिच्यामागची तर आकाशात विरघळायलाच आलेली. महाबळेश्वरच्या कुठल्याही पॉइंटवर उभं राहिलात की हे एका नजरेत दिसतं.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. गंमत पुढे आहे. लांबचं बर्फ निळं पडत नाही, ते पिवळसर होतं! कारण बर्फाकडून भरपूर उजेड निघतो, आणि वाटेत त्यातला निळा भाग विखरून जातो. पोचतो तो उरलेला, उबदार. म्हणजे अंतर वाढत जातं तशी काळ्या गोष्टी निळ्या आणि फिक्या होतात, पांढऱ्या गोष्टी पिवळसर आणि मळक्या होतात, आणि दोघी एकमेकींकडे सरकत क्षितिजापाशी एकाच रंगात मिसळतात. लांबचं सगळं निळं करायचं एवढंच शिकलेला हौशी चित्रकार हिमशिखरावर हमखास फसतो तो यामुळे.

आणि हवेत धूळ किंवा पाण्याचे सूक्ष्म थेंब असतील तर आणखी निराळं. ते कण मोठे असतात, सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, त्यामुळे पडदा निळा न राहता पांढुरका होतो. सह्याद्री एप्रिल-मेमध्ये धुरकट आणि पाऊस ओसरल्यावर निळाशार दिसतो तो याच फरकाने. डोंगर तोच असतो.

मोनेने या सगळ्याला एक शब्द वापरला होता, आंव्हलोप. पत्राचा लिफाफा, आवरण. १८९० साली गवताच्या गंजी रंगवताना त्याने मित्राला लिहिलं होतं की आपल्याला हवं आहे ते हेच आवरण, सगळीकडे पसरलेला एकच उजेड. शेतातल्या गंजीपाशी हा लिफाफा पातळ असतो. डोंगरापर्यंत तो कित्येक किलोमीटर जाड होतो. म्हणजे हलणारी गोष्ट डोंगर नव्हेच, त्याच्या आणि आपल्या मधली हवा.

नॉर्वेत त्यात बर्फाची भर. बर्फाला स्वतःचा म्हणावा असा रंग नाही, पडेल तो उजेड परत फेकायचा एवढंच त्याचं काम. उन्हातल्या बर्फावर सूर्याचा रंग दिसतो. सावलीतल्या बर्फापर्यंत सूर्य पोचतच नाही, त्याला उजेड मिळतो तो फक्त वरच्या आकाशाकडून, म्हणून सावली निळी. संध्याकाळी सूर्य केशरी झाला की उजळ बाजू गुलाबी होते आणि सावली जांभळ्याकडे झुकते. त्यातून तिथला सूर्य फार वर चढत नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ऑस्लोच्या परिसरात भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम तेरा अंश वर असतो. त्याच दिवशी मुंबईत तो चोपन्न अंशांवर असतो. तिरपा आलेला उजेड जास्त हवेतून गाळून येतो, सोनेरी होऊन येतो. आपल्याकडे फोटो काढणारे ज्या उन्हासाठी संध्याकाळी पाचपासून दबा धरून बसतात, तसलं ऊन मोनेला तिथे दुपारीही मिळत होतं. अर्थात सूर्य दिसला तर.

आता हे कॅनव्हासवर आणायचं कसं? साधनांबद्दल थोडक्यात. पत्र्याच्या ट्यूबमधला तयार रंग १८४१ नंतर मिळू लागला. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवावा लागे, आणि त्या पिशव्या घेऊन डोंगर बघायला जाणं जिकिरीचं होतं. धातूच्या पट्टीने बसवलेले चपटे ब्रश आले आणि रुंद, चौकोनी फटकारा मारता येऊ लागला. रंगांमध्ये कोबाल्ट निळा आणि कारखान्यात बनणारा अल्ट्रामरीन हे दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले. निळ्या सावल्यांची हौस परवडायला निळा रंग स्वस्त व्हावा लागतो, हे कलेच्या पुस्तकांत जरा दबक्या आवाजात सांगतात.

मोनेने पुढे १९०५ साली आपल्या पॅलेटवरचे रंग एका पत्रात सांगितले: पांढरा, कॅडमियम पिवळा, व्हर्मिलियन (शेंदरी तांबडा), गडद मॅडर (किरमिजी तांबडा), कोबाल्ट निळा, एमराल्ड हिरवा, आणि बस्स. या यादीत काळा नाही. मग गडद करायचं कशाने? निळा, तांबडा आणि हिरवा एकमेकांत मिसळून. असा गडद रंग बघताना काळाच वाटतो, पण मेलेला वाटत नाही, त्यात थोडा निळा किंवा थोडा जांभळा जिवंत राहतो.

यामागे एका रसायनशास्त्रज्ञाचं ऋण आहे. पॅरिसच्या गोब्लां विणकामशाळेत शेव्हरल रंगाई खात्याचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्याने तपासलं, रंगाईत खोट नव्हती. शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे डोळा फसत होता. १८३९ साली त्याने ही गोष्ट सविस्तर छापली: दोन रंग शेजारी आले की प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्यापासून लांब ढकलतो. केशरीशेजारचा निळा जास्त निळा दिसतो, करड्या रंगाशेजारी गुलाबी ठेवला की करडा हिरवट वाटू लागतो. म्हणून डोंगराच्या सावलीत निळ्यामध्येच दोन-चार फटकारे फिक्या गुलाबीचे टाकले की निळा थरथरायला लागतो. नुसता निळा सपाट लावला असता तर तो भिंतीला दिलेल्या रंगासारखा बसला असता.

इथे एक गैरसमज काढून टाकू. शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी ठेवायचे आणि मिश्रण बघणाऱ्याच्या डोळ्यात होतं, हे जे आपण ऐकतो ते जॉर्ज सरा या चित्रकाराचं, म्हणजे नंतर आलेल्या ठिपक्यांच्या पंथाचं. मोने भरपूर रंग मिसळत असे, आणि भरपूर पांढरा घालत असे. दुसरा गैरसमज, ही चित्रं एका बैठकीत उरकलेली असतात. मालिकेतली कित्येक चित्रं तो घरी नेऊन महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा हाताळत असे. कोल्सोसची बरीचशी मात्र पातळ आणि अर्ध्यावर सोडल्यासारखी राहिली, आणि मला वाटतं ते बरंच झालं. पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात त्यातलं चित्र आहे, रुंदी मीटरभर. जवळ गेलं की नुसते फटकारे. चार पावलं मागे सरकलं की टेकडी.

फटकाऱ्याची दिशाही बोलते. सपाट बर्फावर आडवे फटकारे आले की जमीन पसरते. उतारावर तिरके आले की नजर आपोआप घसरते किंवा चढते. आकाशात रंग पातळ आणि फटकारा जवळपास नाहीसा केला की ते मागे जातं. जाड रंग पुढे येतो, पातळ मागे हटतो. शाळेतल्या त्रिकोणाभोवती आपण काळ्या पेन्सिलीची रेघ मारायचो. इथे रेघच नसते.

मराठीत हे सांगायला एक छान सोय आहे. डोंगराचा असतो तो कडा, आणि आकाराची असते ती कड. कडा तुटलेला, धारदार असतो. दृक्‌प्रत्ययवादी चित्रकाराचं सगळं कौशल्य त्याची कड किती मऊ करायची यात आहे. सगळीकडे मऊ केली तर चित्र धुक्यात वाहून जातं. सगळीकडे धारदार ठेवली तर कागद कापून चिकटवल्यासारखं दिसतं. म्हणून शिखराच्या एका बाजूला, उजेड आदळतो तिथे, कड थोडी घट्ट ठेवायची, आणि दुसऱ्या बाजूला आकाशाचा ओला रंग डोंगराच्या ओल्या रंगात सरकू द्यायचा. कुठे घट्ट आणि कुठे सैल, याचं सूत्र नाही. यावरच चांगलं आणि बरं यातला फरक ठरतो.

उरला भाव. चित्र उदास वाटतं, शांत वाटतं, छातीत गार हवा भरल्यासारखं वाटतं, ते कशामुळे? लोक रंगाकडे बोट दाखवतात: निळा म्हणजे उदास, गुलाबी म्हणजे प्रसन्न. मला हे फार पटत नाही. आधी बघायचा तो रंगाच्या आधीचा थर, उजेड-काळोखाचा. पांढऱ्याला एक आणि काळ्याला दहा असे क्रमांक द्या. एखादं चित्र एकपासून दहापर्यंत सगळ्या पायऱ्या वापरत असेल तर त्यात नाट्य येतं: वादळ, गडगडाट, कड्यावरून कोसळणारा उजेड. तेच चित्र दोन ते पाच एवढ्याच पायऱ्यांत आवळलं की आवाज एकदम खाली येतो. बर्फाळ, झाकोळलेल्या दिवसाचं चित्र असं असतं. आकाश, डोंगर आणि जमीन तिन्ही जवळजवळ एकाच पायरीवर, फरक फक्त उबदार-थंडाचा. ड्रॉइंगचे सर ‘डोळे बारीक करून बघ’ म्हणायचे ते यासाठीच: पापण्या मिटत आल्या की रंगाचा गोंगाट कमी होतो आणि पायऱ्या दिसू लागतात. तेरा कोल्सोसमध्ये डोंगराचा आकार जवळपास तोच आहे. बदलतात त्या पायऱ्या, आणि त्याबरोबर मन.

मोनेचं हे उत्तर सगळ्यांना पटलं असं नाही. त्याचाच मित्र सेझान दक्षिण फ्रान्समध्ये एक्सजवळच्या सांत-व्हिक्त्वार पर्वतापुढे वर्षानुवर्षं बसला. हवा त्यालाही दिसत होती, पण डोंगराचं वजन गमवायची त्याची तयारी नव्हती. त्याने रंगाच्या चौकोनी ठिगळांनी डोंगर जणू विटेवर वीट ठेवून बांधला. १९०६च्या ऑक्टोबरमध्ये उघड्यावर काम करताना वादळी पावसात भिजला आणि थोड्याच दिवसांत गेला. तिसरा सेगांतिनी, स्वित्झर्लंडच्या एंगादिन खोऱ्यातला. तो आल्प्सवर अडीच हजार मीटरच्या वर जाऊन रंगवायचा. तिथे हवा विरळ आणि कोरडी, पडदा जवळजवळ नाहीच. पल्याडचं शिखरही सुईने टोचल्यासारखं स्वच्छ दिसतं. मग त्याने मऊ कडा सोडून दिल्या आणि लोकरीच्या धाग्यांसारखे लांब, बारीक फटकारे शेजारीशेजारी विणले. १८९९ साली डोंगरावरच काम करता करता तोही गेला. आजार पोटाचा होता, पण खाली उतरून डॉक्टरकडे जाणं सोपं नव्हतं.

कोल्हापूरच्या कोटितीर्थाच्या काठाशी आबालाल रहिमान यांनी रंगवलेली निसर्गचित्रं पाहिली तर उजेडाची हीच भूक तिथेही दिसते. त्यांना पॅरिसची किती खबर होती याचा वाद अभ्यासकांनी घालावा. तळं आणि उजेड समोर असले की नजर आपली वाट शोधते, एवढं मला पुरतं.

हे सगळं करून बघायचं असेल तर एक स्वस्त युक्ती आहे. पोस्टकार्डाएवढा करडा पुठ्ठा घ्या, मधोमध वाटाण्याएवढं भोक पाडा, एक डोळा मिटून लांबच्या डोंगराचा एकच तुकडा त्यातून बघा. आजूबाजूचं सगळं झाकलं गेल्यामुळे तो डोंगर आहे हे डोकं विसरतं आणि नुसता रंग उरतो. हिरवा म्हणून शपथेवर सांगितला असता तो निघतो करडा-जांभळा.

गेल्या कार्तिकात धोमच्या पाण्याकाठी मी हा पुठ्ठा घेऊन कमळगडासमोर बसलो. उन्हं कलली होती. भोकातून दिसलेला रंग जुळवायला कोबाल्ट घेतला, मॅडरचा थेंब टाकला, पांढरा जरा जास्त झाला, परत निळा. बहुधा सात-आठ मिनिटं गेली असतील. रंग जमला, पुठ्ठा पुन्हा डोळ्याला लावला, तर भोकात आता विटकरी गुलाबी होता. मी पहिला कागद बाजूला ठेवला आणि पॅडमधून दुसरा काढला.